कुठले पाव्हणे?

एक प्रश्न सरळ तुमच्यापुढं टाकतो. आडरस्त्याला तुम्ही पाणी मागितलं, पाणी देता देता कुणी विचारलं, 'कुठले पाव्हणे? आडनाव काय म्हनलं?' तर काय सांगायचं?

शिबिरात हा प्रश्न निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, छाती पुढं काढून सांगा, लपवतो तो बाबासाहेबांचा नव्हे. दुसरा म्हणतो, बाबांनो, आधी जगा. मेलेल्या माणसाला चळवळ करता येत नाही. दोन्हीकडं टाळ्या पडतात, मग चहा येतो, आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. मला वाटतं हा नुसता धाडसाचा प्रश्न नाही. खरं बोलणं मी कुणाला देणं लागतो, आणि माझ्या खऱ्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची का, असा तो प्रश्न आहे. म्हणजे नीतीचा आहे. नीती म्हटलं की आपल्यातले काहीजण नाक मुरडतात, त्यांना ती वरच्या आळीतली पोथी वाटते. पण बाबासाहेबांनी धम्मात देवाची जागा नीतीला दिली. तेव्हा ही आपल्या घरची गोष्ट आहे, आणि तिचा निकाल आपणच लावला पाहिजे.

मला हा प्रश्न भेटला तो एका विनाकारण भटकंतीत. म्हणून आधी 'विनाकारण' या शब्दाबद्दल थोडं बोलतो.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. दोस्त सकाळीच फटफटी घेऊन दारात आला नि म्हणाला, 'चल.' 'कुठं?' 'कुठं बी.' ना सभा, ना मोर्चा, ना कुणाचं लग्न, ना मयत. मी चपला घातल्या. आईनं विचारलं, 'कुठं चाल्लास?' म्हटलं, 'असंच.' 'असंच म्हंजी? कोन मेलं का? कोनाला बोलवाया जायचंय का?' 'न्हाई गं, फिरायला.' तिनं दोस्ताकडं बघितलं. निदान हा तरी खरं सांगंल, असं तिच्या डोळ्यांत होतं.

आई अडाणी आहे म्हणून असं विचारत नव्हती. रस्ता म्हणजे काय हे तिच्या मागच्या सात पिढ्यांनी तिला शिकवून ठेवलंय. गावच्या महाराइतका रस्ता कुणी तुडवला असेल? कुणाच्या घरी मयत झालं की पाव्हण्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन महार पळायचा. अंमलदाराच्या घोड्यापुढं महार पळायचा. सरकारी वसूल डोक्यावर घेऊन महार चालायचा. गावाची शीव कुठल्या बांधावरून कुठल्या झाडाला जाते हे महारानं सांगायचं आणि तेच प्रमाण मानायचं. म्हणजे सगळ्या मुलखाच्या वाटा आमच्या पायाला पाठ, आणि त्यातली एकही वाट आम्ही आमच्या मर्जीनं चाललेलो नाही. माणूस रस्त्यानं चाललाय म्हणजे त्याला कुणीतरी धाडलंय, हा हिशेब. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते या वेठीच्या गाठीवरच घाव घालायला. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. वतन कागदावरनं गेलं. 'कुणी धाडलं?' हा प्रश्न माझ्या आईच्या तोंडात राहिला.

दोस्ताची गोष्ट माझ्याही पलीकडची. तो कैकाडी. त्याचा आजा सोलापूरच्या सेटलमेंटात वाढला. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ आणि १९२४ मध्ये तो सगळ्या मुलखावर पसरवला नि आवळला. जन्मालाच गुन्हा चिकटला. तारेच्या कुंपणात राहायचं, हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. विनाकारण हिंडताना सापडणं हाच त्यांचा गुन्हा. १९५२ साली हा कायदा देशभरातून उठला, म्हणून ते विमुक्त. पण त्याच्या जागी सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले. आणि १९५९ चा मुंबईचा भीकबंदीचा कायदा बघा. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस असा हिंडतोय की भीक मागून जगत असावा असं वाटतं, एवढ्यावर तो माणूस भिकारी ठरतो. वाटतं म्हणजे कुणाला? पोलिसाला.

आता बघा. माझे पूर्वज दुसऱ्याच्या हुकमानं चालले, त्याचे पूर्वज चालले म्हणून धरले गेले. आणि आम्ही दोघं एका फटफटीवर बसून 'असंच' निघालो. पांढरपेशांच्या प्रवासवर्णनांत 'सहज निघालो' हे वाक्य पहिल्याच पानावर असतं आणि वाचणारा त्यावरून घसरत पुढं जातो. आपल्याकडं त्या वाक्यापाशी थांबावं लागतं. 'सहज' हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, ही चैन झाली. समाज जळतोय नि तुम्ही फिरायला जाता? त्यांना उत्तर मी देत नाही, १९३४ साल देतं. त्या साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटलं, आपण फिरायला जाऊ, तुम्ही चला. आणि बाबासाहेब गेले. वेरूळची लेणी बघायची ठरली. तीसेक माणसं, बसगाड्या केल्या. सभा नाही, ठराव नाही, परिषद नाही. चार डोळेभर बघायचं, एवढंच. महाडचं तळं १९२७ साली झालेलं, गोलमेज झालेली, पुणे करार झालेला. एवढं सगळं डोक्यावर असलेला माणूस सवंगड्यांबरोबर लेणी बघायला निघतो. फिरणं म्हणजे चळवळीला दगा असं म्हणणाऱ्यानं आधी ह्या बसगाड्या अडवाव्यात.

*

आम्ही निघालो ते औरंगाबादेहून, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरातून. ह्या शहराला नाव ही काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोवर सोळा वर्षं गेली. एका कमानीवरच्या नावासाठी माणसं जिवानिशी गेली. तेव्हा 'नावात काय आहे' असं कुणी शहाणा म्हणाला तर त्याला मराठवाड्यात आणून सोडावं.

दौलताबादचा किल्ला रस्त्यावरनंच दिसतो. आम्ही दरवाज्याजवळ चहा घेतला. दोस्ताला किल्ल्यात रस नव्हता, त्याला हौद बघायचा होता. १९३४ ला बाबासाहेबांची मंडळी प्रवासाच्या धुळीनं माखून इथं आली आणि दरवाज्याजवळच्या हौदावर हातपाय-तोंड धुतलं. रमजानचा महिना होता. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना उलट विचारलं, हा तुमचा धर्म शिकवतो का? आमच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्याला तुम्ही ह्या पाण्याला अडवाल का? शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्यासाठी हत्यारबंद शिपाई बरोबर. मुंबई कौन्सिलात बोले ठराव १९२३ सालीच झाला होता, की सरकारी पैशानं बांधलेली पाणवठे-धर्मशाळा सगळ्यांना खुली. पण हा मुलूख निजामाचा, आणि पाण्याची रीत सगळ्या मुलखांत एकच.

ह्या गोष्टीतला एक तपशील आपण नेहमी घाईनं ओलांडतो. बाबासाहेबांनी लिहिलंय की मंडळींनी वाटेत आपली ओळख मुद्दाम सांगितली नव्हती. आडगावात अस्पृश्याला जो त्रास होतो तो टाळायचा होता. जिथं मुक्काम, तिथंच ओळख द्यायची असं ठरलं होतं. दौलताबादला आपली माणसं स्वागताला येऊन थांबली होती, तिथं ती उघडी पडली.

म्हणजे ज्या प्रश्नावर आपण शिबिरात तट पाडतो, त्याचं उत्तर बाबासाहेबांच्या मंडळींनी त्या प्रवासापुरतं ठरवून टाकलं होतं. ते मी डोक्यात ठेवलं. पुढं त्याची गरज पडली.

*

वेरूळला गर्दी होती. गाडी थांबवली नाही. कन्नडकडं निघालो. दोन्हीकडं मका उभा, कापूस फुटायला आलेला, मधेच आल्याचे वाफे. एका ठिकाणी गाडीची चेन उतरली. रस्त्याला लागून एक वस्ती होती, गोठा, पत्र्याची दोन घरं, ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ. आम्ही हात काळे करून चेन चढवली आणि पाणी मागितलं. त्यांनी सुनेला हाक मारली, तांब्या आला. वर चहाही ठेवायला सांगितला. भला माणूस. ते मुद्दाम लिहितो, कारण पुढचं समजायला त्यांचा भलेपणा लक्षात ठेवावा लागेल.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, 'कुठले पाव्हणे?'

दोस्त म्हणाला, 'सोलापूरकडला. जाधव.'

'व्वा,' म्हातारे म्हणाले, आणि त्यांच्या कुठल्या जाधव सोयऱ्यांचं नाव घेऊन ते त्यांचे कोण लागतात ते विचारू लागले. दोस्त नुसता हसला. त्याचं आडनाव जाधवच आहे. तो खोटं काहीच बोलला नव्हता.

मग मान माझ्याकडं वळली. मी आडनाव सांगितलं. ते आडनावही चार जातींत चालतं. म्हातारे वाट बघत होते, अजून काहीतरी यायचंय म्हणून. मी म्हणालो, 'आम्ही बौद्ध.'

म्हातारे म्हणाले, 'बरं बरं.' चेहऱ्यावर राग आला नाही, शब्दही वावगा आला नाही. पावसाची गोष्ट काढली, मक्याचा भाव सांगितला. आम्ही उठलो. सून कप न्यायला आली. दोस्ताचा कप उचलला, म्हाताऱ्यांचा उचलला. माझा ओट्यावर तसाच राहिला.

झालं एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. ह्याची फिर्याद कुठं द्यायची? ठाणेदार म्हणेल, कप उचलला नाही हा कुठल्या कलमात बसतो?

*

खरी लढाई पुढं दोस्ताशी झाली.

गाडी शंभर पावलं गेली नसेल, तो म्हणाला, 'तुला कुनी सांगितलं हुतं हरिश्चंद्र व्हायला?' मी म्हणालो, 'आणि तू मराठ्यांचा सोयरा झालास ते?' तो म्हणाला, 'म्या माझं आडनाव सांगितलं. त्येनी काय ऐकलं ती त्येंची अडचन.'

मग तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. म्हणाला, 'हे बघ, तू जात सांगितलीस तर तुझा कप ऱ्हातो. म्या जात सांगितली तर त्या गावात मागल्या म्हैन्यात काय काय चोरीला गेलंय त्याची यादी निघती. कपावर भागत न्हाई आमचं. तुझ्यामागं जयभीम म्हनणारा तालुका हाय. माझ्यामागं कोन हाय? फौजदार.'

मी गप्प झालो ते हरलो म्हणून नव्हे. त्याच्या बोलण्यानं प्रश्नाचा आकारच बदलला. 'सांगावं की लपवावं' असं आपण विचारतो तेव्हा आपण धरून चालतो की सांगण्याचा भाव सगळ्यांना सारखाच पडतो. तसं नसतं. तोच रस्ता, तोच ओटा, तोच प्रश्न, आणि दोघांना भाव वेगळा. २०१५ साली शिर्डीत एका तरुणाच्या खिशात बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरनं भांडण काढून त्याला मारून टाकलं. त्यानं तर तोंडानं काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या वतीनं खिसा बोलला.

आणि उलटंही बघा. १८५७ च्या धामधुमीत वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळवायला पायी उत्तरेत गेले नि आले. बंडाच्या आगीतून गेले, लुटले गेले, तरी परमुलखात त्यांना ओटा, पंगत, दक्षिणा मिळत गेली, ती जातीच्या नावावर. त्यांना नाव म्हणजे दार उघडायची किल्ली, आपल्याला नाव म्हणजे दाराची कडी. बाबासाहेबांनी ह्या सगळ्या अनुभवांच्या टिपणाला 'वेटिंग फॉर अ व्हिजा' असं नाव दिलं ते उगाच नव्हे. परदेशात शिरायला व्हिसा लागतो. आपल्याला तो पुढच्या गावात शिरायला लागायचा.

*

कन्नडच्या पुढं आत वळलं की पितळखोऱ्याची लेणी. दोनेक हजार वर्षांची, आपल्या मुलखातल्या सगळ्यात जुन्या बौद्ध लेण्यांपैकी. दरीत पायऱ्या उतरून जावं लागतं. अर्धी लेणी पडलीत, खांब झिजलेत. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. पैठणच्या एका गंध्याच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या घरातलं दान आहे. इथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदासानं आपलं नाव नि आपला सोनाराचा धंदा कोरून ठेवला. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तिथं दगडावर बसून मला एक फरक सुचला. कान्हदासालाही नाव, गाव, धंदा होता. पण ते त्याला ओट्यावर बसवून कुणी विचारलेलं नव्हतं, त्यानं आपण होऊन सांगितलं. विचारून काढलेलं नाव आणि आपण होऊन दिलेलं नाव, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं नाक्यावरच्या जकातीसारखं असतं. दुसरं दान असतं.

नागसेनवनात शिकलेल्या आपल्या पोरांना मिलिंद राजाची गोष्ट ठाऊक असते. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या कॉलेजला पुढं मिलिंदाचं नाव मिळालं, त्या परिसराला नागसेनाचं. राजानं भिक्खूला पहिला प्रश्न हाच केला होता: आपलं नाव काय? नागसेनानं सांगितलं, लोक मला नागसेन म्हणतात, पण ती नुसती हाक आहे. त्या नावाआड दडलेला कुणी सापडत नाही. राजाला ते पटेना. तेव्हा नागसेनानं विचारलं, आपण आलात कशातून? रथातून. मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? एकेक भाग वेगळा केल्यावर रथ कुठं उरतो? राजाला कबूल करावं लागलं की रथ हे ह्या सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव आहे.

दोस्ताला ही गोष्ट मी दरीत सांगितली. त्यानं फटफटीकडं बोट दाखवलं नि म्हणाला, 'चेन म्हंजी गाडी का? न्हाई. पर चेन उतरल्याबिगर त्या ओट्यावर गेलो असतो का आपुन?' हसलो दोघंही. पण त्याच्या थट्टेत एक गोष्ट होती. जातीलाही असंच सोडवून बघा. जात आडनावात आहे का? जाधव तर सगळ्यांत आहेत. तोंडावर आहे का? म्हाताऱ्यांना ती दिसली नव्हती. कपात आहे का? कप कंपनीतनं आलेला. कुठल्याच एका भागात जात सापडत नाही. पण म्हणून ती नाही असं म्हणून सुटता येत नाही. रथ ही व्यवहारातली कल्पना असली तरी तिच्या चाकाखाली पाय आला तर हाड मोडतं. आपल्यातले काही नवे पंडित 'मी जात मानत नाही, मला कुणी विचारूच नका' असं म्हणून मोकळे होतात. त्यांनी नागसेन अर्धाच वाचला.

*

पाय मोडला तो गाव पुढंच होता. पितळखोऱ्यातनं मोठ्या रस्त्याला लागून औट्रम घाट उतरलो की चाळीसगाव.

१९२९ साली सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला कमिटी नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. धुळ्याकडचं काम आटोपून मुंबईला परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी स्टेशनावर गाठून त्यांना रात्रीचा मुक्काम करायला लावला. महारवाड्यात न्यायला टांगा लागणार. एकही टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार नाही. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्यानं घ्या, हाकायला तुमचा माणूस बसवा. ज्याला हाकायला बसवलं त्याला टांग्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा नि टांगा खाली गेला. पायाचं हाड मोडलं, कित्येक दिवस ते पडून होते. वाटेत झालेल्या उशिराचं आणि ह्या सगळ्याचं कारण त्यांना नंतर कळलं. आपल्या लोकांनी ते आधी सांगितलं नव्हतं. पाव्हणा पायी चालत आला हे त्यांना मानाचं वाटेना.

ही गोष्ट आपण टांगेवाल्याच्या नीचपणासाठी सांगतो. ते बरोबरच. साधा टांगेवाला स्वतःला एका बॅरिस्टरापेक्षा वरचा समजतो, हे तिच्यातनं दिसतं. पण माझ्या प्रश्नासाठी तिच्यात आणखी एक धडा आहे. परक्यापासून ओळख लपवणं हे १९३४ ला त्रास टाळायला ठरवून केलेलं. इथं खरी अडचण आपल्याच माणसांनी आपल्याच माणसापासून लपवली, प्रेमापोटी, मानापोटी, आणि त्यानं जीव जायची वेळ आली. लपवणं कुणापासून, ह्यावर सगळं अवलंबून आहे.

ह्याच्या जोडीला १९०१ ठेवा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीमराव मसूर स्टेशनावर उतरतो. कपडे चांगले. स्टेशनमास्तर विचारतो, कोण तुम्ही? पोरगा खरं सांगतो, महार. मास्तर मागं सरकतो. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर बैलगाडी मिळते. रात्री तहान लागते. गाडीवान सांगतो, नाक्यावर महार म्हणालास तर पाणी मिळणार नाही, मुसलमान म्हण. पोरगा उर्दूत बोलून पाणी मागतो. तरीही मिळत नाही. एकाच दिवसात, एकाच मुलानं, संध्याकाळी खरं सांगितलं नि रात्री लपवलं. पुढं १९१७ साली बडोद्यात पारश्यांच्या उतारघरात पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारश्यांनी बाहेर काढलं. आता सांगा, 'लपवतो तो बाबासाहेबांचा नव्हे' असं म्हणणाऱ्यानं हे वाचलंय का? आणि 'लपवा नि जगा' म्हणणाऱ्यानंही बघावं की हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, जगानं वाचावं म्हणून. वाटेवर जे दडवावं लागलं ते कागदावर सगळ्यांपुढं मांडलं.

*

आता माझा निकाल सांगतो. पटला तर घ्या, नाही तर भांडा.

पहिलं. प्रश्न आणि नाका ह्यांत फरक करा. उत्तर दिल्यावर दोघांनाही सारखंच पडत असेल तर तो प्रश्न. म्हाताऱ्यांनी मला जात विचारली, मी त्यांना विचारली असती तर त्यांचं काय गेलं असतं? काहीच नाही. माझा कप गेला, दोस्ताची रात्र ठाण्यात गेली असती. जिथं एकालाच भरावं लागतं तो नाका. बेकायदा नाक्यावर जकात भरली नाही म्हणून कुणी चोर ठरत नाही. घटनेच्या पंधराव्या कलमानं विहिरी, तळी, रस्ते, उपाहारगृहं सगळ्यांना खुली केली, एकोणिसाव्यानं देशभर फिरायची मोकळीक दिली. त्यात कुठं लिहिलंय की आधी आडनाव सांगा? तेव्हा तहानलेल्यानं नाव दडवलं तर पाप दडवणाऱ्याचं नव्हे. पाणी नावावर देणाऱ्याचं आहे.

दुसरं. पण न सांगण्याचीही किंमत असते. आम्ही दोघंही जाधव म्हणून उठलो असतो तर म्हाताऱ्यांच्या मनात एवढंच राहिलं असतं की दोन चांगली पोरं आली होती, आपल्यातलीच होती. चांगली म्हणजे आपल्यातली, हे त्यांचं गणित तसंच पक्कं झालं असतं. कुणीतरी कधीतरी ते गणित चुकवावं लागतं. म्हणून ज्याला झेपतं त्यानं सांगावं. ते कर्ज फेडणं नव्हे, दान आहे. आणि दान कुणाकडून वसूल करता येत नाही. म्हाताऱ्यांनी करू नये, आणि चळवळीनंही करू नये. ज्याच्यामागं तालुका आहे त्यानं ज्याच्यामागं फौजदार आहे त्याला भित्रा म्हणू नये.

तिसरं. सांगायचं ते स्वतःचं. मी बौद्ध म्हणालो, दोस्ताची जात मी सांगितली नाही. दुसऱ्याचा जीव माझ्या खरेपणाच्या तराजूत टाकायचा मला अधिकार नाही.

चौथं. दडवणं आणि सामील होणं ह्यांत एक रेघ आहे. ओळख दडवून पाणी प्यालात, ठीक. पण त्याच ओट्यावर कुणी आपल्या किंवा दुसऱ्या वस्तीची टिंगल सुरू केली, आणि तुम्ही त्यांच्यातले म्हणून हसलात, तर तिथं तहान संपली नि लाचारी सुरू झाली. तिथं बोला, नाहीतर तांब्या खाली ठेवून उठा.

पाचवं. आपसात काही दडवू नका. चाळीसगावचा टांगा आठवा. रस्त्यात काय अडचण आहे, कुणाला कुठं भीती आहे, कुणाचा कप कुठं ठेवला जातो, हे एकमेकांना सांगा. महार-मांग, चांभार-ढोर, कैकाडी-पारधी, आपल्या आपल्यातही ओटे आहेत. तिथंही कप बाजूला राहतात, आणि ते आपण सभेत सांगत नाही.

शेवटचं. दर सहा महिन्यांनी एक दिवस विनाकारण निघा. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड इथं आपण जातोच, जायलाच पाहिजे. पण कारण असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही ही वतनाची सवय आहे, ती मोडा. आपल्या जातीतला दोस्त नका घेऊ, आपल्या चळवळीतला पण दुसऱ्या जातीतला घ्या. एकी व्यासपीठावर जमते, तिथं हार नि माईक असतो. एका गाडीवर, एका तांब्याच्या पाण्यावर, 'कुठले पाव्हणे?' ह्या प्रश्नापुढं ती जमते का ते बघा. बाबासाहेबांनी सांगितलेला सिद्धार्थ म्हातारा, रोगी नि प्रेत बघून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय लढायला निघाले, त्यानं लढाईला नकार दिला, म्हणून तो परिव्राजक झाला. त्याचंही चालणं पाण्याच्या भांडणातूनच सुरू झालं होतं.

मी नि दोस्त अजून भांडतोय. तो म्हणतो, पुढच्या खेपेला तू गप बस. मी म्हणतो, पुढच्या खेपेला तुझ्या गावाकडं जाऊ, तिथं तू सांग. ह्या भांडणात तुम्हीही पडा. पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. ज्याला ज्या ओट्यावर जे विचारलं गेलं, ते तसंच.